नखाखालची लाली

मिरजेत राहून डॉक्टरांना चुकवणं ही एक कला आहे. आमच्या गावात दर दोन घरांआड दवाखाना. लांबलांबून लोक पोटाशी फायलींच्या पिशव्या धरून इथे येतात. माझ्या गॅलरीत उभं राहिलं की डोळ्यांचे, हाडांचे आणि पोटाचे अशा तिन्ही डॉक्टरांच्या पाट्या वाचता येतात. तरी शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी यांपैकी एकाचीही पायरी चढले नव्हते आणि त्याचा मला भारी अभिमान होता. ही फुशारकी आधीच सांगून ठेवते, पुढे तिच्याशी काम पडणार आहे.

बंगळूरला गेले ती लेकीकडे, पण पाहुणी म्हणून नाही, कामाला गेले. मुग्धा तिथल्या एका विज्ञान संस्थेत भौतिकशास्त्राचं संशोधन करते. तिने आणि तिच्या गटाने एक लहानशी डबी तयार केली आहे. साबणाच्या डबीएवढी. तिच्या खाचेत बोट सरकवायचं, नखावर प्रकाश पडतो, नखाखालच्या रक्ताचा रंग डबी वाचते आणि रक्तात लोह पुरेसं आहे की नाही ते सांगते. सुई नाही, रक्त काढणं नाही. ही डबी शाळांमध्ये द्यायची, मुलांनी ती विज्ञानाच्या तासाला स्वतः वापरायची आणि शिकता शिकता कुठली पोर फिकी पडली आहे तेही कळायचं, असा बेत. सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी त्यावरचा धडा मराठीत हवा होता. मी जन्मभर आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. मुग्धा म्हणाली, "आई, ट्रान्सलेशन नकोय. तू वर्गात शिकवायचीस तसं लिही." इतका मान लेकीने पहिल्यांदाच दिला होता. मी लगेच तिकीट काढलं.

यशवंतपूर

गाडी सकाळी यशवंतपूरला पोचली. दसरा तोंडावर आलेला, त्यामुळे स्टेशनाबाहेर पडताच झेंडूचा वास. घाऊक बाजार जवळच आहे. टेम्पोच्या टेम्पो भरून झेंडू, केळीचे खुंट आणि कोहळे. कोहळ्यांचे एवढे ढीग मी कधी पाहिले नव्हते. आमच्याकडे कोहळा म्हणजे फार तर वड्या नाहीतर सांडगे.

पूल ओलांडताना मी दोनदा थांबले. मला घ्यायला आलेली मुग्धा बॅग घेऊन पुढे गेली होती, ती मागे आली.

"काय झालं?"

"काही नाही. बाजार बघतेय."

बाजार खरंच बघण्यासारखा होता, त्यामुळे ते खपलं. खरं म्हणजे जिने आले की मला कुठेतरी काहीतरी बघावंसं वाटायचं. हे गेलं वर्षभर चाललं होतं. साठी उलटली की असंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

रिक्षावाल्याशी मुग्धा कन्नड, हिंदी आणि हातवारे अशा तिन्ही भाषांत बोलली. त्याने "सरी, सरी" म्हणत मान अशी हलवली की होकार की नकार ते मला राजाजीनगर येईपर्यंत कळलं नाही.

राजाजीनगर

मुग्धा शांताक्कांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. शांताक्कांचं घराणं मराठी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही ठाऊक नाही. कुलदैवत तुळजापूरचं, पण त्या तुळजापूरला एकदाच गेल्या आहेत. त्यांची मराठी ऐकताना मजा येते. क्रियापदं आपली, पण मधेच एखादा कन्नड शब्द येऊन बसतो आणि कुणी त्याला उठवत नाही.

"या हो अक्का, या. ऊट झालं का गाडीत? नाही? अय्यो, मग आधी स्वल्प काहीतरी खा, अंघोळ मग."

ऊट म्हणजे जेवण, स्वल्प म्हणजे थोडंसं. ताटात आलं ते मात्र थोडंसं नव्हतं. एका बाजूला गोड शिरा, दुसऱ्या बाजूला तिखट उपमा, दोन्ही एकाच बशीत एकमेकांना टेकून. याला इथे चौचौभात म्हणतात. भात नाही तरी भात. मी आधी वाट्या मागितल्या, मग लाजून तसंच खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून वेगळ्या वाटीत दिलं असतं तर मीच भांडले असते.

बैठकीच्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या. नवरात्रात इथे घरोघरी मांडतात. सगळ्यांत वर लाकडाचे राजा-राणी, खाली वाणी, भाजीवाली, लग्नाची वरात. आमच्याकडे नवरात्र म्हणजे घट, माळा आणि उपास. देवी येते आणि घर शांत होतं. इथे देवी सगळा बाजार सोबत घेऊन येते. संध्याकाळी शेजारच्या बायका बघायला आल्या की शांताक्का त्यांना उसळ देणार आणि त्या गाणं म्हणणार. मलाही म्हणायला लावलं. मी भोंडल्याचं एक गाणं म्हटलं आणि श्वास पुरेना म्हणून मधलं कडवं गाळलं. कुणाला मराठी गाणं पाठ नव्हतं, त्यामुळे कळलं नाही.

शांताक्कांच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसले की माझा हात आपोआप तोंडाकडे जायचा. कच्चे तांदूळ चघळायची ही सवय हल्लीच लागली होती. कुरकुरीत लागतात.

"अक्का, कच्चे तांदूळ कशाला खाता? भात करून घालते ना मी!"

"सवय हो," मी म्हटलं. वर आणखी चार दाणे टाकले.

खंडेनवमीचा दिवस

संस्थेचं आवार म्हणजे झाडी आणि त्या झाडीत लपलेल्या इमारती. मुग्धाच्या प्रयोगशाळेत चार विषयांची माणसं एका मोठ्या टेबलाभोवती बसतात. प्रकाशाचं गणित मुग्धाचं. डबी बनवली ती बसवराजने. तो इंजिनिअर, मूळचा बेळगावकडचा, घरी कन्नड बोलणारा आणि शाळेत मराठी शिकलेला. धड्याचं काम माझं. चौथ्या एक डॉक्टरीणबाई, सरकारी शाळांमध्ये मुलींची तपासणी करणाऱ्या. त्या दसऱ्यानंतर येणार होत्या. त्यांच्यापुढे डबी चालवून दाखवायची आणि त्या हो म्हणाल्या तरच डबी शाळांत जाणार. नाही म्हणाल्या तर हे वर्ष गेलं. गटाला मिळालेली मुदत याच वर्षापुरती, म्हणजे डबीही गेलीच. मुग्धाने हे मला सांगितलं तेव्हा ती चष्मा पुसत होती. लहानपणापासून रडू आवरायचं झालं की ती चष्मा पुसते.

प्रत्येकाला आपला विषय मुख्य वाटत होता, हे सांगायला नकोच. बसवराजच्या मते डबी नसेल तर प्रकाश नुसता पडून राहील. मुग्धाच्या मते डबी म्हणजे प्रकाशाला घातलेली टोपी. मी म्हटलं, शिकवणारी बाई नसेल तर पोरं त्या डबीने एकमेकांची नाकं मोजतील. तिघंही हसलो आणि कॉफी प्यायला गेलो. इथे दोघांत एक कॉफी मागवतात, तिला 'बाय टू' म्हणतात आणि कुणाला त्यात कंजुषी वाटत नाही.

खंडेनवमीला प्रयोगशाळा धुऊन काढली होती. दाराला केळीचे खुंट, यंत्रांना झेंडूच्या माळा. लाटा दाखवणाऱ्या पडद्याला विभूतीची तीन बोटं, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू. माझ्यातली विज्ञानाची बाई जरा खट्याळपणे हसली खरी, पण मला आठवलं, मीही शाळेच्या प्रयोगशाळेत तराजूला दरवर्षी कुंकू लावायचेच. फरक इतकाच की आम्ही फूल वाहून तास सुरू करायचो आणि इथे पूजा झालेल्या यंत्राला दिवसभर कुणी हात लावत नाही. यंत्राला सुट्टी. मग फाटकाशी कोहळा फोडला. त्याच्या पोटात कुंकू भरलेलं, रस्ता लालभडक. यशवंतपूरच्या त्या ढिगांचं कारण आत्ता कळलं.

बसवराजने डबीलाही कुंकू लावलं. मुग्धा ओरडली, "अरे, प्रकाशाच्या खिडकीवर नको!"

"खिडकी सोडून लावलंय की मॅडम. माझीच डबी हाय, मला काय कळत न्हाई व्हय?"

दसऱ्याला त्याने मला बन्नीची पानं दिली. आमच्याकडे आपटा, इकडे शमी. सोनं मात्र दोन्हीकडे सारखंच खोटं आणि सारखंच प्रेमाने दिलेलं.

डॉक्टरीणबाई

डॉक्टरीणबाई आल्या. सुती साडी, मोजकं बोलणं, हिंदी आणि इंग्रजी मिसळून. मी माझ्या धड्याची सुरुवात त्यांना करून दाखवली: स्वतःचं नख दाबा, ते पांढरं होतं, सोडा, लाली परत येते. ती लाली म्हणजे रक्त. ती किती गडद, ते डबी मोजते. त्यांना ते आवडलं. त्या म्हणाल्या, "आता डबी दाखवा. आधी कुणी चांगलं धडधाकट माणूस घ्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐटीत बोट पुढे केलं.

डबीवर आकडा उमटला आणि मुग्धाचा चेहरा उतरला. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन बारा तरी असायला हवं. डबी म्हणत होती आठच्याही खाली.

डॉक्टरीणबाईंची नजर डबीवरच्या कुंकवावर गेली. बसवराजने घाईघाईने स्पिरिटचा बोळा घेऊन खिडकी पुसली, खाच पुसली, कुंकूही पुसलं. पुन्हा बोट घातलं. पुन्हा तेच. त्याने स्वतःचं बोट घातलं तर चौदा. माझं घातलं की आठच्या खाली.

"आपको थकान रहती है?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

आता खरं उत्तर देण्यात काय जात होतं? पण मला राग आला. सगळ्यांपुढे मला आजारी ठरवायला निघालेली ती साबणाची डबी आणि तिच्या बाजूने बोलणारी ही बाई. मी म्हटलं, "मी काय आजारी दिसते? तीस वर्षं उभं राहून शिकवलंय. माझी नखं वयाने जाड झालीत. शिवाय सकाळीच शांताक्कांकडे हळद कुटली, बोटं पिवळी आहेत. पिवळ्या रंगातून लाल कसं मोजणार तुमचं यंत्र?" अगदी वर्गात शंका काढावी तसं बोलले. शास्त्रीय वाटावं असं.

गंमत म्हणजे सगळ्यांनी ते ऐकलं. पाहुण्या बाईंच्या, त्यातून मॅडमच्या आईच्या तब्येतीवर शंका घेण्यापेक्षा यंत्रावर शंका घेणं सभ्यपणाचं होतं. रक्त तपासू या, असं कुणी म्हणेना. डॉक्टरीणबाईंनी एकवार माझ्याकडे पाहिलं, मग त्या मुग्धाला म्हणाल्या की वयाने, हळदीने आकडा एवढा हलत असेल तर त्यांना शाळेत डबी नेता येणार नाही. गावाकडच्या मुलींची बोटं काय साबणाने धुतलेली असतात? दुरुस्त करा, आठवड्याने पुन्हा बघू. तेव्हाही असंच झालं तर विषय संपला.

मुग्धाने चष्मा काढला आणि पुसत बसली.

दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत धडा लिहीत बसले होते. शेजारी ते दोघं संगणकावर डोकं लावून बसलेले. बसवराज उत्साहात होता.

"मॅडम, असं करूया. नख जाड असलं, पिवळं असलं, तर आकडा स्वल्प वर उचलायचा. आईंचं बोट घ्या आधाराला. त्या धडधाकट, म्हणजे बारा-तेरा धरा. तेवढा फरक गणितात घातला की बरोबर येतंय बघा."

"मला ते पटत नाहीये," मुग्धा म्हणाली. "आईची ब्लड टेस्ट केल्याशिवाय..."

"मग विचारा की."

मुग्धा माझी लेक आहे. काल माझा आवाज कसा चढला होता तो तिने ऐकला होता. "आई चिडेल," ती हळूच म्हणाली, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने. मग म्हणाली, "ठीक आहे. टेम्पररी घालून बघ."

माझा हात लिहिता लिहिता थांबला. मी काय लिहीत होते? 'मोजण्याआधी आपली पट्टी खरी आहे का ते तपासा.' आठवीच्या मुलांना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवायचे. आणि इथे पट्टी म्हणून माझं बोट घेतलं जात होतं, कुणीच न तपासलेलं, का तर मी तसं म्हटलं म्हणून. त्यांनी तो आकडा वर उचलला की डबी माझ्यासाठी खूश होणार. आणि मग निपाणीकडच्या कुठल्यातरी शाळेत एखादी पोर येणार, रानात काम करून नखं जाड झालेली, घरची हळद लागलेली, आणि आतून खरोखरच पांढरी पडलेली. डबी तिला सांगणार, तू धडधाकट आहेस. माझा हट्ट सांभाळण्यासाठी ते यंत्राला खोटं बोलायला शिकवत होते.

मला भीती वाटली. सुईची वाटली म्हणा, आणि सुईने जे कळेल त्याची जास्त. यशवंतपूरचा पूल आठवला, गाळलेलं कडवं आठवलं. कच्चे तांदूळही आठवले, पण त्यांचा काय संबंध ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी पेन ठेवलं. "बसवराज, थांबव ते. मुग्धा, चप्पल घाल. रक्त कुठे काढतात इथे?"

"आई, तुला नको असेल तर..."

"नकोच आहे. चल."

राजाजीनगरात कोपऱ्यावरच एक तपासणी केंद्र निघालं. रक्त काढणारी मुलगी केरळची, हात इतका हलका की सुई गेलेली कळलीही नाही. एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं मिरजेतल्या पाट्या नुसत्या वाचत बसले होते. संध्याकाळी निकाल मिळेल म्हणाली. मधला वेळ आम्ही दोघींनी एका उडप्याच्या हॉटेलात एक 'बाय टू' घेऊन काढला. मुग्धाने तिची अर्धी कॉफी माझ्याच पेल्यात ओतली.

निकालाचा कागद तिने घेतला. डबीने सांगितलेला आकडा आणि कागदावरचा आकडा यांत दशांशाचा फरक होता. आठच्या खाली. हळद, वय, जाड नख, कुंकू, सगळ्यांना डावलून ती साबणाची डबी बरोबर बोलली होती, तेही पहिल्याच खेपेला.

"अगं, जिंकलीस की!" मी म्हटलं. मला खरोखर आनंद झाला होता. माझं रक्त कमी निघालं हे त्या क्षणी मला दुय्यम वाटलं. "लाव फोन डॉक्टरीणबाईंना."

मुग्धा केंद्राच्या पायरीवर बसली. चष्मा काढला, पण पुसला नाही. हातात तसाच धरून रडली.

"चार वर्षं," ती म्हणाली, "चार वर्षं मी दिसेल त्याची नखं बघतेय. बसमधल्या मुलींची, भाजीवालीची. तुझी नाही बघितली."

मी तिच्या शेजारी बसले. पायरीवरून जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती आणि कुणी काही विचारत नव्हतं, दवाखान्याच्या दारात रडणाऱ्यांना कुठल्याच गावात कुणी विचारत नाही.

फोन शेवटी मीच लावला. डॉक्टरीणबाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "बर्फ, माती, कच्चा चावल, ऐसा कुछ खाने का मन करता है?" मला शांताक्कांच्या सुपाकडे वळणारा माझा हात आठवला आणि मी हो म्हटलं. रक्तातलं लोह कमी झालं की अशी ओढ लागते म्हणे. गोळ्या लगेच सुरू करायच्या आणि रक्त कुठे कमी होतंय ते मिरजेला गेल्या गेल्या शोधायचं, असं त्यांनी बजावलं. मग म्हणाल्या, मुग्धाला सांगा, डबी मी शाळेत नेते.

परत यशवंतपूर

उरलेले दिवस शांताक्कांनी मला नाचणीचे उंडे आणि पालेभाज्या यांवर ठेवलं. उंडा चावायचा नाही, सारात बुडवून गिळायचा. मी चावला, तर सगळं घर हसलं. तांदळाचा डबा वरच्या फळीवर गेला. बसवराजने गणितात घातलेला तो फरक खोडून टाकला आणि डबीला पुन्हा कुंकू लावलं, खिडकी सोडून. धडा मी पुरा केला. त्यातलं पट्टीचं वाक्य आता पहिल्या पानावर आहे.

परतीला पूल चढताना मुग्धाने मला प्रत्येक टप्प्यावर थांबवलं. या खेपेला मी बाजार बघतेय असं म्हटलं नाही. दमले, असं सांगितलं. हे सांगणं वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं.

मिरजेत मला कोणाच्या दारात जायचं, ते आता गॅलरीतूनच वाचता येतं. मुग्धाने पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. गाडीत मी खिडकीशी बसले, ती फलाटावर उभी. गटाचं काय, शाळा कधी सुरू होणार, मी विचारत होते. तिने गजांतून हात आत घातला, माझं बोट धरलं, नख दाबलं, सोडलं, आणि लाली परत यायची वाट बघत उभी राहिली.